गावाच्या नकाशात आपली विहीर आहे काय?

पाऊस पहिल्यासारखा राहिला नाही, हे सांगायला आता शास्त्रज्ञ लागत नाही. मृग कोरडा जातो, पेरलेले उगवते तोच पाऊस दडी मारतो, आणि कापूस फुटायला लागला की आभाळ फाटते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके नासली, कित्येक ठिकाणी पिकाबरोबर मातीही वाहून गेली. हवामान बदलले आहे. प्रश्न आहे तो त्यावरच्या उपायांचा. बंधारा कुठे घालायचा, विहीर कोणत्या वस्तीजवळ खोदायची, टँकर कुठे उभा राहील, हे ठरवणार कोण? आणि कशाच्या आधारावर?

या ठरवण्याची दोन साधने आहेत. एक नकाशा, दुसरे माणसांची आठवण. दोन्ही आपल्या आवाक्यातली आहेत, म्हणून आज त्यांच्याविषयी लिहितो आहोत.

तालुक्यात धरण, दारात टँकर

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले पाचोड हे सोलापूर-धुळे महामार्गावरचे बाजारपेठेचे गाव. मोसंबीसाठी त्याचे नाव दूरवर आहे. तालुका पैठण, म्हणजे जायकवाडी धरण याच तालुक्यात. तरीही तालुक्यातल्या कितीतरी गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरणाचे पाणी उताराने खाली जाते, वरच्या गावांना ते आपोआप मिळत नाही.

२०१२-१३ च्या दुष्काळात या पट्ट्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. झाडे तोडून लोकांनी सरपण केले. बागाईतदाराचे नुकसान पंचनाम्यात लिहिले गेले. पण त्या बागेत खुरपणाला आणि फळतोडणीला जाणाऱ्या बाईचा रोज बुडाला, तो कोणत्या कागदावर आला? ज्याच्याकडे सातबारा नाही, त्याचा दुष्काळ मोजायला फूटपट्टी नसते.

नकाशा काय सांगतो

महसूल खात्याच्या गावनकाशात गट नंबर, ओढे, रस्ते असतात. उपग्रहावरून काढलेल्या नकाशात जमिनीचा चढ-उतार, मातीची खोली आणि पिके दिसतात. २०१८ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने पहिल्या टप्प्यात पाच हजारांहून अधिक गावे निवडली. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात होते. गावात शिवार फेरी काढायची, नकाशा पुढे ठेवायचा आणि पाण्याचा ताळेबंद मांडायचा, अशी त्याची रीत. हिशेबाची पद्धत मुंबईच्या आयआयटीने तयार करून दिली.

हा ताळेबंद घरखर्चासारखाच असतो. पाऊस किती पडला ही जमा. वाहून किती गेला, पिकाने किती घेतला, जमिनीत किती मुरला, हा पुढचा हिशेब. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे चार हजार लिटर पाणी होते. आपल्या घरावरचे पत्रे वीस फूट बाय पंधरा फूट असतील आणि वर्षात सहाशे मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या पत्र्यांवर सोळा हजार लिटरांहून जास्त पाणी पडते. पाच हजार लिटरांचा टँकर धरला तर तीन टँकर भरून उरेल इतके! अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने असाच हिशेब ग्रामसभेत मांडून कोणती पिके घ्यायची ते ठरवले, म्हणून ते गाव देशभर गाजले.

नकाशा काय सांगत नाही

पण नकाशाला कान नसतात. विहीर त्यावर एका ठिपक्याएवढी असते. तिला पाणी किती महिने असते, ती कोणाच्या बांधावर आहे, तिथे कोणाला घागर भरू देतात आणि कोणाला थांबवून ठेवतात, हे ठिपका सांगत नाही. महाडचे चवदार तळे नकाशावर होतेच. ते सर्वांना खुले असल्याचा नगरपालिकेचा ठरावही १९२४ पासून होता. तरी ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन तिथवर चालत जावे लागले. कागदावरचे पाणी आणि ओंजळीतले पाणी यांत केवढे अंतर असते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको.

इथेच आठवणीचे काम सुरू होते. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना १९७२ चा दुष्काळ विचारा. खडी फोडल्याचे, सुकडी आणि लाल मिलो खाल्ल्याचे ते सांगतील. आणखी एक गोष्ट अनेकजण सांगतात : ७२ साली खायला नव्हते, पण विहिरीत प्यायला पाणी सापडायचे. २०१२ साली दुकानात धान्य होते, पण शेकडो फूट बोअर घेऊनही धूळच वर आली. या एका वाक्यात चाळीस वर्षांचा उपसा सांगून झाला. पाऊस कमी पडला हे खरे, पण जमिनीखालची शिल्लकही आपण खर्चून बसलो होतो. ही गोष्ट ऐकलेले गाव नवीन बोअर घेण्याआधी चार वेळा विचार करील.

माती-पुठ्ठ्याचे गाव

नकाशा आणि गोष्ट एकत्र आणण्याचे काम महाराष्ट्रात झाले आहे. वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट या संस्थेने गावकऱ्यांकडून त्यांच्याच शिवाराच्या उठावाच्या प्रतिकृती करवून घेतल्या. डोंगर, ओढे, विहिरी सगळे हाताला लागते. कागदावरच्या रेषा ज्याला वाचता येत नाहीत, त्यालाही पाणी कुठून कुठे जाते ते दिसते. आपली बोअर आणि शेजाऱ्याची विहीर एकाच खडकातून पाणी ओढतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की भांडणाची भाषा बदलते.

दूर आफ्रिकेत केनिया देशातल्या ओगिएक या वनवासी लोकांनीही २००६ मध्ये आपल्या जंगलाचा असाच उठावाचा नकाशा केला. म्हातारी माणसे जागांची नावे आणि गोष्टी सांगत गेली, त्याप्रमाणे नकाशा भरत गेला.

आपल्या वस्तीचा नकाशा

पाचोड असो की आसपासचे खेडे, याला मोठा खर्च येत नाही. विहारापुढचे किंवा शाळेचे अंगण पुरे. संध्याकाळी, कामावरून आलेल्या बाया मोकळ्या झाल्यावर बसावे. रांगोळीने रस्ते आणि ओढे काढावेत, विटेच्या तुकड्यांनी घरे मांडावीत. प्रत्येक विहीर, हातपंप, बोअर दाखवावा आणि त्याला जितके महिने पाणी असते तितके चिंचोके तिथे ठेवावेत. पाणी आणायला किती वेळ जातो तेही लिहावे.

मग वडीलधाऱ्यांना बोलते करावे. १९७२, २०१२, २०१५ साली शेवटपर्यंत कोणती विहीर टिकली? २००६ आणि २०२५ च्या पावसात ओढ्याचे पाणी कोणाच्या उंबऱ्यापर्यंत आले? तिथे दगड ठेवावा. शिकणाऱ्या मुला-मुलींनी हे सारे मोठ्या कागदावर उतरवून घ्यावे. गावनकाशा ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांकडे पाहावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते, ती नोंद मागावी. विहिरीची जागा मात्र भूवैज्ञानिकाला विचारूनच पक्की करावी. आठवण खडक दाखवू शकत नाही.

एक सावधगिरी हवी. पाणी कुठे आहे हे कळले की पैसेवाला पहिल्यांदा तिथे यंत्र लावतो. म्हणून नकाशा होईल त्याच बैठकीत, पिण्याच्या विहिरीजवळ नवी बोअर नको, अशी मागणी लिहून ठेवावी.

हा कागद घेऊन आधी महिलांच्या सभेत आणि मग ग्रामसभेत जावे. नुसते तोंडी बोलू नये. मागणी इतिवृत्तात लिहून घ्यावी आणि तिची नक्कल मागावी. बंधारा, विहीर, रोजगाराची कामे यांची यादी तिथेच ठरते. भूमिहीनांसाठी शेळीपालन, परसातल्या कोंबड्या अशा योजना कृषी संजीवनीच्या पहिल्या टप्प्यातही होत्या. पण योजना विचारणाऱ्याच्या दारी आधी येते.

वाचकहो, पुढचा दुष्काळ आणि पुढचा पूर आपली परवानगी घेऊन येणार नाही. ग्रामसभेची तारीख मात्र आधी कळते. त्या दिवशी आपल्या हातात आपल्या वस्तीचा नकाशा असावा, आणि त्यावर आपल्या आजीने दाखवलेली विहीर असावी.