जुन्या ओम्नीचा मंद हेडलाइट : आधी मोजा, मग पाकीट काढा

सेकंडहँड व्हॅन घेऊन धंदा सुरू केला की एक दुखणं हमखास मागे लागतं. अंधार पडला की पुढचा रस्ता नीट दिसत नाही. आणि भाजी, दूध, केटरिंग असा धंदा असेल तर तुमची निम्मी धाव अंधारातच असते ना!

माझ्या पहिल्या ओम्नीचं सांगतो. पहाटे ३ वाजता नारायणगावहून टोमॅटो भरून पुण्याच्या मार्केट यार्डाला निघालो होतो. मंचरच्या अलीकडे रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली रस्त्यातच उभी. ती दिसली तेव्हा इतकी जवळ होती, की ब्रेक दाबताच मागचे क्रेट माझ्या सीटवर आदळले. थोडक्यात वाचलो.

दुकानात उत्तर तयारच होतं, "१००/९० वॉटचा बल्ब टाका." टाकला. आठवड्यात होल्डर वितळला, उजेड जेमतेम वाढला. असा बल्ब रस्त्यावर नियमात बसत नाही, हेही नंतर कळलं. पैसे गेले ते गेलेच.

मग एका जुन्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी काही विकलं नाही, आधी मल्टिमीटर काढला. इंजिन चालू, डिपर चालू. बॅटरीवर १३.८ व्होल्ट, बल्बच्या पिनांवर ११.४. म्हणजे २.४ व्होल्ट वाटेतच गायब! हॅलोजन बल्बची गंमत अशी, की व्होल्टेज थोडं उतरलं तरी उजेड धाडकन उतरतो. १० टक्के कमी झालं तर उजेड साधारण ३० टक्के कमी. माझ्या गाडीचा उजेड जवळपास निम्मा झाला होता, आणि मी दोष देत होतो बल्बला.

गळती दोन ठिकाणी होती. बॅटरीची निगेटिव्ह आणि होल्डरची अर्थ पिन यांच्यामध्ये मोजलं तर ०.७ व्होल्ट, अर्थिंगचा स्क्रू गंजला होता. घासून पत्रा चमकवला, स्क्रू पुन्हा घट्ट केला. उरलेली गळती बारीक वायर आणि झिजलेल्या स्विचमध्ये. ५५ वॉटचे दोन बल्ब म्हणजे ९ अँपिअरच्या आसपास करंट, तो सगळा त्या बिचाऱ्या स्विचमधून! यावर उपाय रिले. बॅटरीवरून जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज, आणि स्विचचं काम फक्त रिलेला इशारा देण्याचं. फ्यूज टाळू नका, वायर कुठे घासली तर गाडी पेटेल. बल्ब पुन्हा साधा ६०/५५ चाच. आता पिनांवर १३.४ व्होल्ट. खर्च हजाराच्या आत.

मोजूनही व्होल्टेज ठीक निघालं तर काचेच्या आत बघा. रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर कितीही वायरिंग करा, फरक पडणार नाही, हेडलाइटच बदला. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्त एलईडी बसवू नका. उजेड पसरतो, समोरच्याचे डोळे दिपतात, आपला रस्ता मात्र अंधारातच.

आणि हो, फोकस सेट करताना गाडीत रोजचा माल भरलेला असू द्या. माल भरला की मागची बाजू बसते, नाक वर होतं आणि डिपरही झाडांच्या शेंड्यांवर पडतो. मी रिकाम्या गाडीवर सेट केला होता. दुसऱ्या दिवशी २० क्रेट भरून पुन्हा भिंतीसमोर उभं राहावं लागलं.