तीन देव नव्हेत, तीन सोंगंही नव्हेत: त्रैक्य समजून घेताना



बंगळुरूच्या मेट्रोने हलसूरहून एम. जी. रोडकडे निघालात, की मध्ये एक स्थानक लागतं, ट्रिनिटी. रोज हजारो माणसं तिथे चढतात-उतरतात. हे नाव आलं जवळच्या होली ट्रिनिटी चर्चवरून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्रज फौजेसाठी ते बांधलं गेलं. ट्रिनिटी म्हणजे मराठीत त्रैक्य: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, आणि तरीही देव एकच. मी या शहरात राहतो आणि ख्रिस्ती विश्वासाबद्दल मराठीतून बोलतो, म्हणून मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. तुम्ही एकच देव मानता म्हणता, मग हे तिघे कोण? एक अधिक एक अधिक एक म्हणजे तीनच ना?

मराठी माणसाकडे याचं तयार उत्तर असतं: अहो, आमचे दत्तगुरू तसेच की! नरसोबाची वाडी आणि गाणगापूर आपल्या घरोघरी माहीत आहेत. तेव्हा तीन शिरं आणि एक देह हे चित्र मनात आधीच तयार असतं. शिवाय ब्रह्मा, विष्णू, महेश, म्हणजे उत्पत्ती, स्थिती, लय. ही तुलना लोक आपुलकीने करतात, त्यामुळे मला ती उडवून लावावीशी वाटत नाही. पण ती लागू पडत नाही. त्रिमूर्तीत कामाची वाटणी आहे. त्रैक्यात नाही. पित्याने जग निर्माण केलं, पुत्राने तारलं आणि आत्म्याने सांभाळलं, अशी खाती वाटलेली नाहीत. निर्मिती असो वा तारण, तिघांचं मिळून एकच कर्तृत्व, असं मंडळी पहिल्यापासून शिकवत आली आहे.

हा प्रश्न एका मराठी बाईने जितक्या जोराने विचारला, तितका आपल्याकडे क्वचितच कोणी विचारला असेल. त्या म्हणजे पंडिता रमाबाई. 1883 साली त्या वैद्यकीचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात उतरल्या. कानांच्या दुखण्यामुळे वैद्यकी हुकली. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. वय पंचवीस. आईवडील दुष्काळात गेलेले, नवरा आदल्या वर्षी वारलेला. परक्या देशात राहणं, खाणं, शिक्षण, सगळं या मठाच्या आधारावर. आणि अशा स्थितीत या बाईंनी त्रैक्य आपल्याला पटत नाही असं सरळ कळवलं.

पुढे त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात गेल्या, तेव्हा हा वाद पत्रांतून रंगला. एका बाजूला सिस्टर जेराल्डीन, दुसऱ्या बाजूला प्राचार्या डोरोथिया बील. बीलबाई धीराने ऐकून घेत. जेराल्डीनना मात्र ही शिष्येची अहंता वाटे. मनोरमेला काय शिकवायचं, यावरूनही खटके उडाले. रमाबाईंचं म्हणणं असं होतं, की भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून आपण नुकत्याच सुटलो आहोत, आता दुसरं तसलंच जोखड मानेवर घेणार नाही. पवित्र शास्त्र स्वतः वाचून, स्वतःच्या सद्सद्विवेकाला पटेल तेच मानू. ही सगळी पत्रं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1977 साली ग्रंथरूपाने काढली. मिळाली तर जरूर वाचा.

रमाबाईंना त्रैक्य का अडलं असेल? माझ्या मते, त्या अनेक देवांकडून एका देवाकडे मोठी किंमत मोजून आल्या होत्या. कलकत्त्यात ब्राह्मो समाजाशी त्यांचा संबंध आलेला होता. एवढा प्रवास करून जो एक हाती लागला, त्याचे कोणी पुन्हा तीन करून सांगितले, तर कोणाही प्रामाणिक माणसाने हरकत घ्यावी. म्हणून त्यांची शंका मोठी मानून आपण तिचं उत्तर शोधू.

पहिली गोष्ट. 'त्रैक्य' हा शब्द पवित्र शास्त्रात नाही. हे लपवायचं काही कारण नाही. लॅटिनमध्ये तो रूढ केला कार्थेजच्या तेर्तुलियनने, साधारण इसवी सन 200 च्या सुमारास. मग ही गोष्ट आली कुठून? येशूचे पहिले शिष्य यहुदी होते. देव एकच, ही त्यांची रोजची प्रार्थना. आणि तीच माणसं येशूची उपासना करू लागली, त्याला प्रभू म्हणू लागली. आपल्यात एक सामर्थ्य काम करतं आहे आणि ते देवच आहे, असंही सांगू लागली. एकच देव हे तर त्यांनी सोडलं नाही. आधी हा अनुभव आणि ही उपासना, आणि नंतर तीनशे वर्षं ती नीट शब्दांत कशी मांडायची याची धडपड. कोणी खोलीत बसून कोडं रचलेलं नाही.

या धडपडीत दोन सोप्या वाटा पुढे आल्या आणि दोन्ही नाकारल्या गेल्या.

एक वाट सबेलियस नावाच्या शिक्षकाच्या नावाने ओळखली जाते. देव एकच, तो कधी पिता म्हणून येतो, कधी पुत्र, कधी आत्मा. आजही रविवारच्या शाळेत हेच शिकवलं जातं, बिचाऱ्या शिक्षकांच्या लक्षातही येत नाही! पाणी, बर्फ, वाफ. किंवा एकच माणूस बाप, भाऊ आणि नवरा. ऐकायला गोड, पण मग देव बहुरूपी ठरतो. आपल्या गावात यायचा तो बहुरूपी आठवा. आज फौजदार, उद्या साधू. पण फौजदार आणि साधू एकाच वेळी दारात उभे राहून एकमेकांशी बोलले, असं कधी झालं का? शुभवर्तमानांत तर येशू पित्याशी बोलतो. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत तो घामाघूम होऊन त्याची विनवणी करतो. सोंगं मानली, तर ती प्रार्थना नाटक होते.

दुसरी वाट अलेक्झांड्रियाच्या आरियसची. पुत्र थोर आहे, सगळ्या सृष्टीआधीचा आहे, पण निर्माण केलेला आहे. पिता तेवढा खरा देव. हे तर्काला फार सोयीचं आहे. रमाबाईंचा कलही काही काळ याच्या आसपास होता, असं मला त्यांची पत्रं वाचून वाटतं. 325 साली निकाया इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकमध्ये, बिशपांची परिषद भरली आणि तिने ठरवलं: पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा. पुढच्या वादात काहींनी तडजोड सुचवली, की 'एकाच' ऐवजी 'सारख्याच' म्हणू. ग्रीकमध्ये दोन शब्दांत एका अक्षराचा फरक. लोक हसतात, की एका अक्षरासाठी एवढी भांडणं! पण मराठीत म्हणून बघा. 'तोच' आणि 'तसाच'. हरवलेला मुलगा परत आला तेव्हा 'हा तोच आहे' आणि 'हा तसाच आहे' यांत आईला काय फरक वाटेल?

आणि फरक नुसता शब्दाचा नव्हता. पुत्र निर्माण केलेला असेल, तर क्रुसावर देव स्वतः आला नाही, त्याने कोणाला तरी पाठवलं. साहेबांनी स्वतः येणं वेगळं आणि चिठ्ठी देऊन कारकुनाला पाठवणं वेगळं. अथानासियस हयातभर यासाठीच झगडला आणि पाच वेळा हद्दपार झाला. 381 साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने पवित्र आत्म्याबद्दलचा विश्वासही त्यात नीट मांडला.

तर मग एक काय आणि तीन काय? यासाठी दोन प्रश्न वेगळे ठेवा. 'काय?' आणि 'कोण?' तो काय आहे? देव, आणि हे उत्तर एकच. तो कोण आहे? पिता, पुत्र, पवित्र आत्मा. म्हणजे एकालाच एक आणि तीन म्हटलेलं नाही. म्हणून बेरीज इथे चालत नाही.

आपल्या भाषेची इथे एक गंमत आहे. 'कोण'साठी आपण 'व्यक्ती' हा शब्द वापरतो. एक देव, तीन व्यक्ती. आजच्या मराठीत व्यक्ती म्हणजे स्वतंत्र माणूस, वेगळं आधार कार्ड असलेला! ऐकणाऱ्याला वाटतं तीन देव. पण संस्कृतात व्यक्ती म्हणजे प्रकट होणं, दिसू लागणं. तो अर्थ धरला तर वाटतं, एकच देव तीन रूपांत दिसतो, म्हणजे पुन्हा बहुरूपी. दोन्ही चुका एकाच शब्दात बसल्या आहेत. तरी मी हा शब्द टाकून देणार नाही, दुसरा बरा मिळत नाही. ऑगस्टीननेही लॅटिन शब्दाबद्दल हेच म्हटलं होतं, की काहीतरी बोलायला हवं म्हणून हा वापरतो.

दाखले म्हणाल, तर बंगालच्या ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी 1898 साली सच्चिदानंद म्हणून त्रैक्याचं संस्कृत स्तोत्र रचलं. फार सुंदर आहे. पण सत्, चित्, आनंद हे एकमेकांशी बोलत नाहीत. मला ऑगस्टीनचा दाखला जवळचा वाटतो: प्रेम करणारा, ज्याच्यावर प्रेम आहे तो, आणि प्रेम. देव प्रेम आहे असं म्हणायचं, तर सृष्टी नव्हती तेव्हा तो कोणावर प्रेम करत होता? एकटा असता, तर प्रेमासाठी त्याला आपली गरज पडली असती. अर्थात हाही दाखला पुरा पडत नाही. त्यात प्रेम हे 'कोण' वाटत नाही, आणि पवित्र आत्मा तर 'कोण' आहे.

रमाबाई 1886 साली इंग्लंड सोडून अमेरिकेला गेल्या. 1889 च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं. इंग्लंडमध्ये आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा अर्थाचं त्यांनी पुढे लिहिलं. त्यांना तो नंतर मिळाला, भारतात. 1905 साली केडगावच्या मुक्ती सदनात मुलींची रात्रंदिवस प्रार्थना सुरू झाली आणि पवित्र आत्म्याच्या त्या जागृतीची बातमी परदेशांत पोचली. अखेरची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली. मत्तयच्या शेवटच्या अध्यायात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिघांच्या नावाने बाप्तिस्मा द्या, अशी आज्ञा आहे. तिघे, पण मूळ ग्रीकमध्ये 'नाव' एकवचनी. ती ओळही त्यांच्याच हाताखालून गेली. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून छापलेलं ते बायबल 1924 साली बाहेर आलं.