रिपोर्ट नॉर्मल आला, मग पुढे काय?

मागच्या वेळी आपण थायरॉइडवर बोललो. कार्यक्रम संपल्यावर डोलवीजवळच्या एका ताईंचा फोन आला. नाव सांगू नका म्हणाल्या, म्हणून सांगत नाही. पण त्यांचा प्रश्न सगळ्यांसमोर ठेवायला त्यांची हरकत नव्हती.

त्यांचं लेकरू वीस वर्षांचं आहे. मुलगा म्हणून वाढवलं, पण गेली काही वर्षं ते सांगतंय, "आई, मी मुलगी आहे." आम्हीही पुढे 'ती'च म्हणणार आहोत, कारण तिची तशी इच्छा आहे. हार्मोनची औषधं सुरू करण्याआधी डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. टेस्टोस्टेरॉन आलं ५२०, आणि शेजारी छापलेलं, 'नॉर्मल'. ताईंनी आम्हाला विचारलं, "सगळं नॉर्मल आहे, तर मग लेकरू खोटं बोलतंय का?"

नाही, ताई. खोटं बोलत नाही. ही तपासणी मुळात त्या प्रश्नासाठी केलेलीच नव्हती. ती कशासाठी असते, तेच आज समजून घेऊ.

टेस्टोस्टेरॉन हे एक संप्रेरक, म्हणजे हार्मोन. पुरुषांमध्ये ते मुख्यतः वृषणात तयार होतं. पण ते आपल्या, बायकांच्या अंगातही असतं. अंडाशयात आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या छोट्या ग्रंथींमध्ये ते थोडं थोडं बनतं. प्रौढ पुरुषांत साधारण ३०० ते १,००० आणि स्त्रियांत साधारण १५ ते ७० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर इतकं असतं. प्रयोगशाळेनुसार हे आकडे थोडे बदलतात.

आता महत्त्वाचं. मुलगा म्हणून जन्माला आलेली, पण स्वतःला मुलगी मानणारी जी पारलिंगी व्यक्ती असते, तिचं टेस्टोस्टेरॉन उपचाराआधी बहुतेक वेळा पुरुषांच्या नेहमीच्या मर्यादेतच असतं. मुलगी म्हणून जन्मलेल्या आणि स्वतःला मुलगा मानणाऱ्यांचंही तसंच, ते बहुतेकदा बायकांच्या मर्यादेत असतं. म्हणजे ग्रंथी आपलं काम नीट करत असतात. 'मी कोण आहे' ही जाणीव रक्ताच्या बाटलीत सापडत नाही. तशी कुठलीही तपासणी नाही.

पटत नसेल तर आपल्याच घरातली उदाहरणं घ्या. पीसीओएस असलेल्या कितीतरी मुली आपल्या ओळखीत आहेत. पाळी पुढे-मागे होते, हनुवटीवर केस येतात, टेस्टोस्टेरॉन थोडं वाढलेलं असतं. म्हणून ती मुलगी स्वतःला मुलगा समजू लागते का? प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये आजोबांचं टेस्टोस्टेरॉन औषधांनी अगदी खाली आणतात. तरी आजोबा आजोबाच राहतात. आकडा वर गेला किंवा खाली आला, म्हणून माणसाची ओळख बदलत नाही.

मग काही घरांत उलटा विचार होतो. 'पोराला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं द्या, म्हणजे सरळ होईल.' मैत्रिणींनो, हे कधीही करू नका. त्यानं मन बदलत नाही. उलट जो आवाज आणि जी दाढी त्या लेकराला आधीच नकोशी झालेली असते, त्यात आणखी भर पडू शकते. कुणाची लिंगओळख 'बदलून देण्याचे' असले उपचार करणं हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ साली राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं. त्याच वर्षी लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणातही ही गोष्ट मानसिक आजारांच्या यादीत राहिलेली नाही.

'रिपोर्टमध्ये काहीतरी निघालंच पाहिजे' असं आपल्याला का वाटतं? बीड जिल्ह्यातल्या पोलीस शिपाई ललिता साळवे यांची बातमी अनेकींना आठवत असेल. २०१८ साली मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ते ललित म्हणून पोलीस दलात कामाला लागले. त्यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळल्याचं तेव्हा छापून आलं होतं. काहींच्या शरीराची घडण अशी जन्मतः वेगळी असते. पण पारलिंगी व्यक्तींपैकी बहुतेकांच्या तपासणीत असं काही निघत नाही, आणि निघालं नाही म्हणून त्यांचं म्हणणं खोटं ठरत नाही. २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्वतःची लिंगओळख सांगण्याचा हक्क मान्य केला, तो कुठल्या रक्ततपासणीवर बेतून नव्हे.

मग तपासणी करायचीच कशाला? शेतात खत टाकण्याआधी माती तपासतो, तसंच हे आहे. सुरुवात कुठून आहे ते कळलं, तरच पुढे किती फरक पडला ते कळतं. पारलिंगी मुलीला इस्ट्रोजेन आणि बहुतेक वेळा त्यासोबत टेस्टोस्टेरॉन अडवणारं औषध देतात. आकडा साधारण ५० च्या खाली आणायचा असतो. पहिल्या वर्षी सुमारे दर तीन महिन्यांनी तपासून डोस ठरवतात. सुरुवातीचा आकडा मोठा म्हणून पहिल्याच दिवशी मोठा डोस, असं करत नाहीत. सुरुवातीलाच तो फार कमी निघाला, तर त्याचं कारण आधी शोधावं लागतं.

पारलिंगी मुलाला टेस्टोस्टेरॉन द्यायचं असेल, तर आधी हिमोग्लोबिन बघतात, कारण या औषधानं रक्त दाट होऊ शकतं. गर्भ राहिलेला नाही याचीही खात्री करतात. दोघांच्याही बाबतीत साखर, चरबी, यकृत, रक्तदाब पाहतात. टेस्टोस्टेरॉन हा त्या यादीतला एक आकडा आहे.

नमुना देताना काय सांभाळायचं? धरमतरच्या खाडीला भरती-ओहोटी असते, तशी या हार्मोनलाही असते. सकाळी ते जास्त असतं, संध्याकाळी उतरतं. म्हणून रक्त सकाळी दहाच्या आत, शक्यतो उपाशीपोटी द्यावं. रात्रपाळी करणाऱ्यांनी तसं डॉक्टरांना आधी सांगावं, कारण ही भरती झोपेशी बांधलेली असते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यानं रिपोर्ट चुकू शकतो. आणि आकड्यापुढचं माप वाचा. तेच ५२० दुसऱ्या प्रयोगशाळेत ५.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा १८ नॅनोमोल प्रति लिटर असं छापून येईल. आकडा एकदम घसरला म्हणून घाबरू नका, आधी माप बघा. शक्यतो दरवेळी एकाच प्रयोगशाळेत जा.

आता काळजीची गोष्ट. घरी बोलायची सोय नसली की मुलं मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणतात आणि दिवसाला तीन-तीन, चार-चार घेतात. त्या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनच्या प्रकारानं रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. त्यात सिगारेट असेल तर आणखी. एका पायाची पोटरी सुजली, दुखली, छातीत कळ आली किंवा धाप लागली तर लगेच रुग्णालयात न्या आणि गोळ्यांचं खरं सांगा. अशा गोळ्या चालू असताना केलेल्या तपासणीत टेस्टोस्टेरॉनही कमी दिसू शकतं. म्हणून डॉक्टरांपासून काही लपवू नका, आणि घरात इतकं रागावू नका की लेकराला लपवावं लागेल.

आणखी एक गोष्ट औषधांआधीच बोलायची. या उपचारांनी पुढे स्वतःचं मूल होण्याची क्षमता कमी होऊ शकते, कधी कायमची. वीर्य किंवा स्त्रीबीज जपून ठेवायचं का, हा निर्णय त्या व्यक्तीचा. पण प्रश्न वेळेत विचारला गेला पाहिजे.

यासाठी हार्मोनचे तज्ज्ञ, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट, आणि सोबत मानसोपचारतज्ज्ञ लागतात. घरच्यांना कुणाशी बोलावंसं वाटलं तर मुंबईत हमसफर ट्रस्ट ही संस्था अनेक वर्षं काम करत आहे.

फोन ठेवण्याआधी त्या ताईंनी विचारलं, "पुढच्या वेळी डॉक्टरांकडे मी जाऊ का तिच्याबरोबर?" पहिल्यांदाच त्या 'तिच्याबरोबर' म्हणाल्या. आम्ही म्हटलं, जा ताई. सगळे रिपोर्ट एका पिशवीत घ्या, चालू असलेल्या गोळ्या घ्या, आणि तुमच्या मनातले प्रश्न एका कागदावर लिहून न्या. तिथे लागणारी बरीचशी उत्तरं त्या आकड्यात नसतात, तुमच्या लेकराकडे असतात.

तुमचेही प्रश्न कळवा. नाव सांगितलं नाही तरी चालेल. पुन्हा भेटू.