कचेरीचे फाटक आणि गावचा रस्ता



सकाळी नऊ ते साडेदहा या वेळात ज्यांना एखाद्या मोठ्या कारखान्यावरून किंवा कचेऱ्यांच्या वसाहतीवरून जावे लागते, त्यांना आजच्या विषयाची प्रस्तावना करून देण्याची गरज नाही. एरवी पंधरा मिनिटांत संपणारी वाट फाटकाच्या अलीकडे पाऊण तासाची होते. मोटारींत एकेक मनुष्य बसलेला. त्यांच्या मध्ये अडकलेल्या बसमध्ये साठ माणसे दाटीवाटीने उभी. आणि मागे कोठे तरी रुग्णवाहिकेचा भोंगा केविलवाणा वाजत असतो. आपण म्हणतो, रस्ता अरुंद आहे. पण तोच रस्ता दुपारी दोन वाजता जाऊन पाहावा. पुरेसा मोकळा असतो. तेव्हा खोट केवळ रस्त्याच्या रुंदीत नाही. एकाच घटकेला, एकाच दाराशी, हजारो माणसांनी आपापले वाहन घेऊन यावे अशी जी रीत पडून गेली आहे, त्या रीतीत ती आहे.

ही रीत पाडली कोणी? कामाची वेळ मालक ठरवतो. कचेरी कोठे बांधायची, हे मालक ठरवतो. आवारात वाहने फुकट उभी करू द्यायची की नाही, हेही तोच ठरवतो. गर्दी मात्र होते ती सार्वजनिक रस्त्यावर. कारखान्याने आपले सांडपाणी शुद्ध केल्यावाचून नदीत सोडू नये, हे तत्त्व आता आपण सर्वांनी मान्य केले आहे. मग आपल्या फाटकाबाहेर जमवलेल्या गर्दीचा काही भार मालकाने उचलावा की नाही? गेल्या चाळीस वर्षांत काही देशांतल्या नगरपालिकांनी आणि स्थानिक मंडळांनी हा प्रश्न कायद्याच्या भाषेत विचारला. त्यांना उत्तर काय मिळाले, ते आम्ही आज आपल्यापुढे मांडणार आहोत.

थोड्या गाड्या, मोठा फरक

आधी एक साधे गणित करू. समजा, एका रस्त्याच्या तोंडातून तासाला 1,800 गाड्या पुढे सरकू शकतात, आणि कचेऱ्या भरण्याच्या तासात 2,100 गाड्या येतात. तासाच्या अखेरीस 300 गाड्या रांगेत उरतील, आणि शेवटच्या गाडीला दहा मिनिटे खोळंबावे लागेल. आता 2,100 ऐवजी 1,900 गाड्या आल्या, तर रांगेत उरतील 100, आणि शेवटच्या गाडीचा खोळंबा सव्वातीन मिनिटांच्या आसपास येईल. गाड्या शेकडा दहासुद्धा घटल्या नाहीत. खोळंबा मात्र एक तृतीयांशावर आला. दिवाळीच्या सुटीत शाळा बंद झाल्या की रस्ता एकाएकी मोकळा वाटतो, त्याचे रहस्य हेच. सर्वांनी मोटारी सोडाव्यात असे कोणी म्हणत नाही. दहा जणांतल्या एकाने वेगळी वाट किंवा वेगळी वेळ धरली, तरी उरलेल्या नऊ जणांचे काम होते.

पण तो एक कोण? 'मी का?' असे प्रत्येक जण म्हणतो, आणि त्याचे म्हणणे चूक नसते. एकट्याने बस धरली तर त्याला गर्दीचा त्रास होतो, आणि मोकळ्या रस्त्याचा लाभ दुसऱ्याला मिळतो. म्हणूनच हे काम उपदेशाने होत नाही. त्याला नियम लागतो.

कॅलिफोर्नियाचा धडा

असा नियम करण्याच्या कामी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्य पुढे होते. तेथील प्लेझंटन नावाच्या लहानशा शहराने 1984 साली मालकांवर गर्दीच्या वेळची वाहने कमी करण्याची जबाबदारी टाकणारा उपविधी केला. परंतु मोठा प्रयोग झाला तो लॉस एंजेलिसच्या परिसरात. त्या खोऱ्यात मोटारींचा धूर साचून हवा दूषित होई. तेव्हा तेथील हवा-गुणवत्ता मंडळाने 1987 च्या डिसेंबरात '15 वा विनियम' मंजूर केला, आणि 1988 पासून तो अमलात आला.

या विनियमाची रचना समजून घेण्याजोगी आहे. ज्या ठिकाणी 100 किंवा अधिक माणसे कामाला असतील, त्या ठिकाणच्या मालकाने सकाळी 6 ते 10 या वेळात किती माणसे किती गाड्यांतून येतात हे मोजावे. माणसांच्या संख्येला गाड्यांच्या संख्येने भागावे. आणि येणारा आकडा ठरावीक पातळीवर नेण्याची योजना दर वर्षी मंडळाला सादर करावी. शहराच्या मध्यभागी हा आकडा 1.75 असावा, इतर नागरी वस्तीत 1.5, आणि बाहेरच्या विरळ भागात 1.3. आकडा 1.5 म्हणजे शंभर माणसे सुमारे 67 गाड्यांतून आली; 1.75 म्हणजे 57 गाड्यांतून. साधन कोणते वापरायचे, ते मालकावर सोडले होते. त्याने बसच्या पासाचे पैसे द्यावेत, एका आळीतल्या माणसांची एका मोटारीत सोय लावून द्यावी, कामाच्या वेळा बदलाव्यात, काहीही करावे.

फळ काय मिळाले? पहिल्या वर्षाचा अभ्यास झाला, तेव्हा सरासरी आकडा 1.22 वरून 1.25 वर गेलेला आढळला. म्हणजे शंभर माणसांमागे पूर्वी 82 गाड्या येत, त्या 80 झाल्या. दोन गाड्यांसाठी एवढा खटाटोप! मालकांनी आरडाओरडा केला, यात नवल नाही. अमेरिकेच्या केंद्र शासनाने 1990 च्या कायद्याने असेच बंधन इतर अतिदूषित शहरांवर घातले होते. 1995 साली ते ऐच्छिक करून टाकले. लॉस एंजेलिसचा विनियमही त्याच वर्षी बदलून सौम्य करण्यात आला. पुढे 250 च्या आतल्या आस्थापना त्यातून सुटल्या, आणि बाकीच्यांना दुसऱ्या मार्गांनी धूर कमी करण्याची मुभा मिळाली.

यावरून असा नियमच निरर्थक, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. या विनियमात दंड होता तो योजना सादर न करण्याबद्दल किंवा ती न राबवण्याबद्दल; आकडा न गाठण्याबद्दल नव्हता. त्यामुळे अनेकांना कागदी घोडे नाचवूनही वेळ मारून नेता आली. दुसरे असे की, बहुतेक कचेऱ्यांच्या आवारात मोटार उभी करणे पूर्वीइतकेच फुकट राहिले. एका हाताने बसच्या पासाचे आमिष दाखवायचे, आणि दुसऱ्या हाताने मोटारीला फुकट जागा द्यायची. यातले कोणते आमिष मोठे, ते सांगायला नको.

फुकट जागेची किंमत

फुकट जागा खरोखर फुकट नसते. एक मोटार उभी करण्यास, आत-बाहेर जाण्याची वाट धरून, सुमारे 300 चौरस फूट जागा लागते. कारकुनाच्या टेबल-खुर्चीला त्याहून कितीतरी कमी लागते. म्हणजे बसणाऱ्या माणसापेक्षा त्याच्या वाहनाला मालक अधिक जमीन देतो! ही जमीन म्हणजे एक छुपे वेतनच आहे, आणि ते फक्त वाहन आणणाऱ्याला मिळते. बसने किंवा पायी येणाऱ्याच्या पदरात त्यातले काही पडत नाही.

ही विसंगती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी जन्मभर उघड करून दाखवली. कॅलिफोर्नियाने 1992 साली एक कायदा केला. 50 किंवा अधिक नोकर असलेला जो मालक भाड्याने जागा घेऊन नोकरांना गाड्या लावण्यासाठी देतो, त्याने त्या जागेऐवजी तेवढी रोकड घेण्याची मुभा नोकराला द्यावी, असा त्याचा आशय. शूप यांनी अशा आठ आस्थापनांतील 1,694 नोकरांची पाहणी 1997 साली प्रसिद्ध केली. पूर्वी शेकडा 76 जण मोटारीत एकटेच येत. रोकड मिळू लागल्यावर 63 येऊ लागले. जोडीने किंवा चौघे मिळून येणारे 14 चे 23 झाले. बस व रेल्वेने येणारे 6 चे 9 झाले. कोणावर जबरदस्ती झाली नाही, कोणाची गाडी काढून घेतली नाही. जे वाहनधारकाला मिळत होते, तेच इतरांना देऊ केले एवढेच.

नॉटिंगहॅमची वाट

इंग्लंडातील नॉटिंगहॅम शहराने दुसरी वाट धरली. तेथील संसदेने 2000 सालच्या वाहतूक कायद्याने स्थानिक संस्थांना कामाच्या ठिकाणच्या वाहनजागांवर कर बसवण्याचा अधिकार दिला होता. नॉटिंगहॅमच्या नगरपरिषदेने एप्रिल 2012 पासून तो वापरला. नोकरांसाठी 11 किंवा अधिक जागा असणाऱ्या मालकाने दर जागेमागे वर्षाला कर भरावा. प्रारंभी तो 288 पौंड होता. दहापर्यंत जागा असणाऱ्या लहान दुकानदाराला कर नाही. अपंगांसाठी राखलेल्या जागांनाही तो माफ.

व्यापारी मंडळींनी कडाडून विरोध केला. उद्योग गाव सोडून जातील, असा धाक घातला. नगरपरिषद मागे हटली नाही, आणि तिने एक गोष्ट शहाणपणाने केली. या कराचा पैसा कायद्याप्रमाणे वाहतुकीच्याच कामी लावावा लागतो. तो कोठे लावणार, हे तिने लोकांना आधी सांगितले. शहरात 2004 पासून ट्रामचा एक मार्ग होता. त्याला जोडून आणखी दोन मार्ग 2015 साली सुरू झाले. त्यांच्या खर्चाचा एक भाग या कराने उचलला. कर आला आणि गर्दी नाहीशी झाली, असे मात्र कोणी समजू नये. काही मालकांनी तो कर नोकरांकडूनच वसूल केला, हेही खरे. पण जी रक्कम रस्त्याच्या कडेने आली, ती रस्त्यावरून जाणाऱ्यालाच दिसेल अशा रूपात परत आली.

आडात असेल तर पोहऱ्यात येईल

वॉशिंग्टन राज्याचे उदाहरण याला पूरक आहे. तेथे 1991 च्या राज्यकायद्याने मोठ्या परगण्यांतल्या स्थानिक संस्थांना असे उपविधी करणे भाग पाडले. सकाळी 6 ते 9 या वेळात 100 किंवा अधिक पूर्णवेळ नोकर जेथे येतात, त्या मालकांना ते लागू आहेत. कॅलिफोर्नियातला कायदा मऊ पडला. हा टिकून राहिला. सिॲटल शहराच्या मध्यभागी मोटारीत एकटे येणाऱ्यांचे प्रमाण 2010 साली शेकडा 35 होते, ते 2017 साली 25 वर आले. पण याचे श्रेय एकट्या नियमाला देणे अन्यायाचे होईल. त्याच काळात तेथे लोकांनी मत देऊन बससाठी जादा कर सोसला, आणि नवी रेल्वेही वाढली. नियमाने माणसाला बसथांब्यापर्यंत नेले. थांब्यावर बस आली, म्हणून तो टिकला.

मोजणी कशी असावी, हे सांता क्लारा परगण्याने दाखवले. स्टॅनफर्ड विद्यापीठाला नव्या इमारती हव्या होत्या. परगण्याने 2000 साली परवानगी देताना अट घातली, की गर्दीच्या तासात आवारात येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या 2001 च्या पातळीहून वाढता कामा नयेत. योजना कागदावर किती सुंदर आहे हे कोणी विचारले नाही. फाटकांवर गाड्या मोजल्या. विद्यापीठाने मग फुकट बसगाड्या चालवल्या, आणि वाहनाचा परवाना न घेणाऱ्यांना पैसे दिले.

आणखी एक लहान पण मोलाची सोय अमेरिकेतील पुष्कळ आस्थापनांनी ठेवली. बसने येणाऱ्या नोकराला अवेळी घरी जाण्याचा प्रसंग आला, तर टॅक्सीचे भाडे मालकाने द्यावे. घरी मूल तापाने फणफणले तर मी पोचणार कशी, या एका धास्तीपायी कित्येक बायका बस धरत नाहीत. ती धास्ती दूर करणे हा नियमाचाच भाग आहे.

आपल्या दाराशी

आता आपल्याकडे वळू. पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या कारखान्यांच्या कामगारबसगाड्या आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिलेल्या आहेत. भल्या पहाटे नाक्यावर डबा घेऊन उभे असलेले पहिल्या पाळीचे कामगार हे त्या काळचे नित्याचे दृश्य होते. नियम नव्हता, कामगाराजवळ वाहन नव्हते, म्हणून मालकाने गाडी पाठवली. पुढे हिंजवडीसारख्या वसाहती महापालिकेच्या हद्दीबाहेर उभ्या राहिल्या. जमीन देणारे एक, रस्ता बांधणारे दुसरे, बस चालवणारे तिसरे. फाटकावरच्या गर्दीचा जाब कोणाला विचारावा, हेच ठरलेले नव्हते.

वेळा विभागण्याचे प्रयोग मात्र आपल्याकडे झाले आहेत. नोव्हेंबर 2023 मध्ये मध्य रेल्वेने मुंबईत आपल्याच कचेरीतल्या नोकरांच्या वेळा विभागल्या आणि इतरांनाही तसे आवाहन केले. नोव्हेंबर 2024 मध्ये दिल्लीत हवा बिघडली, तेव्हा महापालिकेच्या कचेऱ्या साडेआठला, केंद्र शासनाच्या नऊला आणि दिल्ली शासनाच्या दहाला उघडू लागल्या. सरकारी कचेऱ्यांना हे करता येते, तर इतरांना का येऊ नये?

तात्पर्य, या सर्व अनुभवांतून चार गोष्टी निघतात. मोजणी फाटकावर व्हावी, कागदावर नव्हे. साधन निवडण्याची मोकळीक मालकाला असावी, पण परिणामाचा जाब त्यालाच द्यावा लागावा. वाहन आणणाऱ्याला जे फुकट मिळते, तेवढे न आणणाऱ्यालाही मिळावे. आणि नियमाआधी, निदान नियमाबरोबर, बस यावी. यांतली शेवटची गोष्ट राहिली, तर सारा भार पडेल तो शिपायावर, झाडलोट करणाऱ्या बाईवर आणि रात्रपाळीच्या पहारेकऱ्यावर. ज्यांनी गर्दी केलीच नाही, त्यांनाच तिची शिक्षा होईल.

उद्या कामावर जाल तेव्हा आपल्यापैकी प्रत्येकाने एवढे करावे. फाटकाशी पाच मिनिटे थांबून किती गाड्या आल्या आणि त्यांतून किती माणसे उतरली, ते मोजावे, आणि तो आकडा आपल्या वरिष्ठांना व आपल्या नगरसेवकाला सांगावा. नियम करणे हे सभागृहाचे काम आहे. पण त्याला लागणारी पहिली मोजणी आपण करू शकतो.