विसरलेले पैसे सरकारजमा होतात, पण कुठल्या सरकारकडे? यावरून अमेरिकेतली राज्यं सुप्रीम कोर्टात भांडली

जुन्या नोकरीचा राहिलेला पगार, बँकेतलं विसरलेलं खातं, कधीच न वटवलेला चेक. अमेरिकेत अशा पैशांची साधारण ३ ते ५ वर्षं कुणी चौकशीच केली नाही, तर कंपनीला ते स्वतःकडे ठेवता येत नाहीत. राज्य सरकारकडे भरावे लागतात.

कागदोपत्री सरकार फक्त राखणदार. बहुतेक राज्यांत मूळ मालक किंवा वारस नंतर कधीही हक्क सांगू शकतो. पण पुष्कळ जण येतच नाहीत आणि तोवर सरकार ते पैसे वापरतं.

मग ते कुठल्या राज्याला मिळणार? १९६५ साली सुप्रीम कोर्टाने नियम घालून दिला. मालकाचा शेवटचा पत्ता ज्या राज्यातला, पैसे त्या राज्याकडे. पत्त्याची नोंदच नसेल, तर कंपनी जिथे नोंदलेली, त्या राज्याकडे.

इथेच डेलावेअरची चांदी झाली. लोकसंख्या जेमतेम १० लाख, पण देशातल्या ५०० बड्या कंपन्यांपैकी निम्म्याहून जास्त इथे नोंदलेल्या. बेवारस पैसा राज्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार बनला आणि वसुलीही कडक झाली. टेम्पल-इनलँड कंपनीच्या जुन्या वर्षांच्या नोंदी मिळाल्या नाहीत, तेव्हा राज्याने अंदाजाने आकडा काढून पैसे मागितले. २०१६ मध्ये फेडरल कोर्टाने ही पद्धत सदसद्विवेकाला धक्का देणारी असल्याचं सुनावलं. २०१७ मध्ये डेलावेअरने कायदा बदलला.

पुढचा झटका मनीग्राम कंपनीच्या चेकवरून बसला. हे चेक देशभर विकले जायचे, पण खरेदीदारांचे पत्ते कंपनीकडे नसायचे. कंपनीची नोंदणी डेलावेअरची, म्हणून न वटलेल्या चेकचे पैसेही तिकडेच जायचे. याविरुद्ध सुमारे ३० राज्यं उभी राहिली. मनीऑर्डर आणि तशा चेकचे पैसे विक्री झाली त्या राज्याला मिळावेत, असं १९७४ चा कायदा सांगतो, हा त्यांचा मुद्दा. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने तो मान्य केला. पणाला लागले होते सुमारे २५ कोटी डॉलर.

निकाल राज्याराज्यांमधला, पैसे मात्र सामान्य माणसांचेच. अमेरिकेत नोकरी करून परतलेल्यांचेही त्यात असू शकतात. ज्या ज्या राज्यात राहिलो, तिथल्या सरकारी वेबसाइटवर नाव टाकून शोधता येतं. त्याला एक पैसाही लागत नाही.