वारा मोजायला कोण जातं?

एक्स्प्रेसवेवर गाडी ताशी १००च्या स्पीडला असताना खिडकीतून हात बाहेर काढला तर तो मागे फेकला जातो. (काढू नका. ऐकीव माहितीवर विश्वास ठेवा.) आता वेग पावणेचार पट करा. हातावरचा जोर मात्र पावणेचार पट नाही, जवळपास चौदा पट होतो, कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. अकरावीचं फिजिक्स आठवतंय ना?

हा पावणेचार पट वेग कल्पनेतला नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात माउंट वॉशिंग्टन नावाचा डोंगर आहे. उंची १,९१७ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जेमतेम पावणेतीनशे मीटर जास्त. १२ एप्रिल १९३४ रोजी दुपारी १ वाजून २१ मिनिटांनी त्याच्या माथ्यावर ताशी ३७२ किलोमीटरचा झोत मोजला गेला. तोही हवामान खात्याच्या मोठ्या साहेबांनी नाही, तर डोंगराचं वेड असलेल्या काही तरुणांनी. १९३२ मध्ये त्यांनी हौसेने तिथे वेधशाळा सुरू केली होती. इमारत कसली, साखळदंडांनी डोंगराला बांधून ठेवलेलं लाकडी घर!

त्या दिवशी आत तीन निरीक्षक होते: साल पॅग्लिउका, अ‍ॅलेक्स मॅकेन्झी आणि वेंडेल स्टीफनसन. सोबत दोन पाहुणे. पहाटे स्टीफनसनला जाग आली तेव्हा बाहेरचा आवाज आणि यंत्रावरचा आकडा त्याला जुळेना. वारा आकड्यापेक्षा जास्त वाटत होता. म्हणजे यंत्रावर बर्फ साठलाय! पठ्ठ्या त्या वादळात बाहेर पडला, शिडी चढला, बर्फ ठोकून काढला आणि परत आला. आकडा लगेच वर गेला.

मला या गोष्टीत विक्रमापेक्षा हेच जास्त आवडतं. आकडा चुकीचा आहे म्हणून कुणीतरी अंथरुणातून उठून वादळात गेलं. दुपारचा विक्रमही असाच टिपला गेला. यंत्र फिरताना होणारी टिकटिक स्टॉपवॉच लावून मोजायची आणि तक्त्यावरून वेग काढायचा. पॅग्लिउकाच्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की यावर लोक विश्वास ठेवतील का? पुढे त्या यंत्राची तपासणी झाली आणि आकडा टिकला.

जगातला सर्वाधिक वेगाचा हा मान ६२ वर्षं डोंगराकडे होता. मग १० एप्रिल १९९६ला ऑस्ट्रेलियातल्या बॅरो बेटावर 'ऑलिव्हिया' चक्रीवादळात ताशी ४०८ किलोमीटरची नोंद झाली. ती स्वयंचलित यंत्राने घेतली होती आणि तिची शहानिशा होऊन अधिकृत शिक्का बसायला २०१० उजाडलं. माउंट वॉशिंग्टनवाले आता 'माणसाने स्वतः हजर राहून मोजलेला सर्वाधिक वेग' असं सांगतात. थोडं हट्टी वाटतं, पण मी त्यांच्या बाजूने आहे.

एवढ्याशा डोंगरावर इतका वारा का? वादळांचे अनेक मार्ग याच भागात एकत्र येतात. त्यात ही रांग उत्तर-दक्षिण पसरलेली, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याला थेट आडवी. माथा ओलांडताना हवा चेपली जाते आणि वेग वाढतो, पाइपच्या तोंडावर अंगठा ठेवल्यावर पाण्याचा वाढतो तसा. वर्षातले सरासरी ११० दिवस तिथे चक्रीवादळाच्या ताकदीचा, म्हणजे ताशी ११९ किलोमीटरच्या वरचा वारा वाहतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तापमान उणे ४४ अंशांवर गेलं होतं आणि वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी उणे ७८ अंश होती.

अशा वेळी लोक तिथे जाऊ पाहतात! अंदाज पाहून, 'उद्या जोरात आहे' म्हणत बॅगा भरणारे. वेधशाळेतल्या मंडळींचा स्वतःचा 'सेंच्युरी क्लब' आहे. सलग ताशी १०० मैल (१६१ किलोमीटर) वारा असताना गच्चीला एक पूर्ण फेरी मारायची, न पडता आणि कशालाही न धरता. ढोबळ हिशेब केला तर या वाऱ्याचा धक्का साधारण आपल्या वजनाइतका भरतो. म्हणजे तुमच्याच वजनाचा कुणीतरी आडवा ढकलतोय आणि पायाखाली बर्फ. बहुतेक जण चार हात-पायांवर परततात. आणि हे गंमतीपुरतंच राहत नाही. या डोंगररांगेत आजवर दीडशेहून जास्त माणसांचा जीव गेलाय.

हा छंद तसा जुना आहे. १८८१च्या उन्हाळ्यात क्लेमेंट रॅग नावाचा गृहस्थ स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिसवर रोज चढून हवामानाच्या नोंदी घ्यायचा. रोज म्हणजे रोज, १,३४५ मीटर. त्याच वेळी त्याची बायको खाली फोर्ट विल्यममध्ये नोंदी घ्यायची, म्हणजे वरच्या-खालच्या हवेची तुलना करता यावी. लोकांनी त्याचं नाव 'इन्क्लेमेंट' रॅग पाडलं. इंग्रजीत 'इन्क्लेमेंट' म्हणजे खराब हवा! दोन वर्षांनी त्या माथ्यावर वेधशाळा उभी राहिली. नोंदी घेणाऱ्या बायकोची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही.

आज माउंट वॉशिंग्टनवर हौशी स्वयंसेवक आठवडाभर राहतात आणि कर्मचाऱ्यांसाठी स्वयंपाक करतात. विद्यार्थी इंटर्नही असतात. वेग मोजायला विमानाच्या पिटो ट्यूबसारखी तापवलेली नळी वापरतात, कारण फिरत्या वाट्या बर्फाने जाम होतात. तरी दर तासाला कुणीतरी बाहेर जाऊन बर्फ फोडतंच. मीही इंटर्न आहे. माझं सगळ्यात धाडसी काम म्हणजे प्रिंटरमधला अडकलेला कागद काढणं.

आता आपल्याकडे. पावसाळ्यात नाणेघाटात किंवा कोकणकड्यावर धबधब्याचं पाणी उलटं वर उडतं, तेव्हा ग्रुपमधला एक जण हमखास म्हणतो, 'शंभर तरी असेल!' रीलच्या कॅप्शनमध्ये त्याचे दीडशे होतात. कुणी मोजलेलं नसतं. मोबाइलला वाऱ्याचा वेग आपोआप कळत नाही. अ‍ॅप दाखवतं तो मॉडेलचा अंदाज. हातात मावणारा अ‍ॅनिमोमीटर मिळतो, चार-पाच जणांत मिळून घेता येतो. अंगापासून लांब, वाऱ्याच्या दिशेने धरायचा. दोन मिनिटांची सरासरी वेगळी आणि झोताचा आकडा वेगळा लिहायचा, सोबत जागा आणि वेळ. कड्याच्या टोकावर वारा चेपून वेगवान होतो, त्यामुळे तिथला आकडा पठारावरच्या आकड्याशी जुळणार नाही. पण तो घ्यायला टोकाशी जाऊ नका. झोताला टेकून फोटो काढणाऱ्यांना वाऱ्याची भीती वाटते. खरा धोका तो एका क्षणात थांबण्याचा असतो. टेकायला काही उरत नाही आणि तोल दरीकडे जातो. बसून मोजा, कड्यापासून चांगलं मागे.