सोरायसिस, साखर आणि डब्यातली पावडर

बोईसरच्या वस्तीत अंगावर खवल्यांचे चट्टे दिसले की पहिला संशय तारापूर एमआयडीसीवर जातो. रसायनांनी इसब होतो, हे खरेच. सोरायसिस मात्र वेगळा. यात शरीराची प्रतिकारशक्तीच कातडीवर उलटते. तो स्पर्शाने पसरत नाही. अशा रुग्णांत मधुमेह, रक्तदाब, लिव्हरवरची चरबी जास्त आढळते. म्हणून मलम आणायला जाल तेव्हा साखर आणि रक्तदाबही तपासून घ्या.

मग कोणीतरी ‘इम्युनिटी’ची महागडी पावडर आणून देतो. आधीच भडकलेल्या प्रतिकारशक्तीला आणखी चेतवायचे कशाला? ड जीवनसत्त्वाचाही फार बोलबाला आहे. नॉर्वेत १२२ रुग्णांना हिवाळ्यात ते देऊन पाहिले. २०२३ साली निष्कर्ष आला: चट्ट्यांत फरक नाही. रक्तात कमी असेल तरच, डॉक्टर सांगतील तेवढे घ्यावे.

मेथोट्रेक्सेट सुरू असेल तर ती गोळी आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर जिवावर बेतते. सोबत दिलेले फॉलिक ॲसिड टॉनिक समजून सोडू नका. दारू मात्र सोडा.

जाड माणसाचे वजन उतरले की चट्टेही कमी होतात, हे अभ्यासांत दिसले आहे. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलपेक्षा सातपाटीची तारली, बांगडा बरा, तळून नव्हे, कालवणात. सुक्या बोंबलात मीठ फार, रक्तदाबवाल्यांनी जपून.